दोन गौरींची वाटणी

लेबर डेच्या शनिवारी सकाळी सव्वाअकराला अतुल बिडकरांची मिनीव्हॅन वॉशिंग्टनजवळ हर्नडनला गुरुदत्तकाकांच्या ड्राइव्हवेत शिरली. गिरिजाने वरच्या खिडकीतून पाहिलं, तर मागच्या सीटवर दोन रिकामी खोकी ऐटीत बसलेली, सीटबेल्ट लावून. शेजारी बबलरॅपचं कोरं भेंडोळं. "नुसती चर्चा करायला येतोय गं," असं बाबा फोनवर म्हणाले होते. आधी बांधाबांधीचं सामान आणायचं आणि मग चर्चेला बसायचं, ही बिडकरांची खास लोकशाही होती.

ओहायोतल्या डब्लिनहून पहाटे निघालेली आई, म्हणजे शोभना, गाडीतून उतरली, हिरवळीकडे पाहून "गवत वाढलंय," असं जाहीर केलं आणि दौऱ्याचं उद्घाटन झालं. धाकटा राजेशकाका आणि आश्लेषाकाकू कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आदल्या दिवशीच येऊन दाखल झाले होते. काकूने आल्या आल्या देवघराच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं होतं. धूळ निघाली नाही याचं तिला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

प्रश्न गौरींचा होता. म्हणजे बिडकरांच्या घराण्यातल्या दोन पितळी मुखवट्यांचा, थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा. अकरा वर्षांपूर्वी आजी गेली आणि त्र्यंबकआजोबा पुण्याचं घर आवरून अमेरिकेत आले, तेव्हा हे मुखवटे त्यांच्या हँडबॅगेत, धोतराच्या घडीत होते. कुलाचार मुलाकडे जातो हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. पण अतुलरावांच्या भाड्याच्या अपार्टमेंटला पांढरं कार्पेट होतं, आणि राजेश तीन रूममेट्सबरोबर राहत होता. मग दोघा भावांनीच कॉन्फरन्स कॉल लावून थोरल्या बहिणीच्या, शुभाच्या, नवऱ्याला गळ घातली. "गुरुदत्तराव, तुम्ही का परके आहात? तुम्ही आमचे थोरले भाऊच."

गुरुदत्तकाका मूळचे धारवाडचे. बोली कन्नड, त्यांच्याकडची गौर वेगळी, दिवस वेगळा. त्यांनी फोनवर एकच शब्द उच्चारला, "आगली." म्हणजे होऊ दे. गौरी हर्नडनला आल्या, पाठोपाठ आजोबाही आले, आणि दुसऱ्याच वर्षी या थोरल्या भावाला नावं ठेवायला सुरुवात झाली. पुरणात जायफळ कमी. आरतीची चाल भलतीच. माणूस तासभर समोर बसतो आणि चार वाक्यं बोलतो.

गिरिजाला याची गंमत वाटायची, कारण डोळे फुटेस्तोवर ती दिवसभर हेच वाचत असायची. अतुलरावांची लेक कॉम्प्युटर सोडून इंग्लंडच्या इतिहासात पीएचडी करायला गेली तेव्हा घरात काय झालं ते पुराण पुन्हा नको. वॉशिंग्टनच्या लायब्ररीत तिचं काम होतं, म्हणून गेल्या ऑगस्टपासून ती काकांकडे राहत होती. आणि विषय कुठला, तर तिसरा विल्यम. १६८८ साली इंग्लंडातल्या सात बड्या धेंडांनी हॉलंडच्या या विल्यमला पत्र धाडलं, की आमचा राजा आम्हाला झेपत नाही, तुम्ही या. विल्यम त्या राजाचाच जावई. जावई आला, सासरा पळाला, लेक आणि जावई जोडीने गादीवर बसले, आणि बोलावणाऱ्यांना वर्षाच्या आत साक्षात्कार झाला की अरेच्चा, हा तर परका आहे. बोलत नाही, हसत नाही, लंडनच्या कोळशाच्या धुराने खोकतो, जवळ ठेवतो ती सगळी डच माणसं. पोटुशी मेहुणी पंगतीला असताना हंगामातले पहिले मटार त्याने एकट्याने फस्त केले म्हणे, आणि ही चुगली तीनशे वर्षं टिकली आहे. लोक बायकोकडे बघून त्याला सहन करत होते. सहाव्या वर्षी बायको देवी येऊन वारली, आणि मग तर बघायलाच नको.

तिचा प्रबंध राजावर नव्हता, त्याला शिव्या घालणाऱ्यांवर होता. लंडनच्या चीपसाइडमधल्या एका टोपीवाल्याच्या बायकोची रोजनिशी तिच्या हाती लागली होती. बाई सकाळी पातळ बिअरबरोबर शिळा पाव खायची, शेगडी फुंकायची आणि शेगडी पेटत नाही याला डच राजा जबाबदार असं लिहायची. मेणबत्त्या महागल्या, राजा. पाऊस लागून राहिला, राजा. खिडक्यांवर कर बसला तेव्हा नवऱ्याने दोन खिडक्या विटांनी बुजवल्या, तर बाई अंधारात बसून दुप्पट जोमाने लिहायला लागली. गिरिजाला ती मनापासून आवडायची. तिला बाईत सारखी आश्लेषाकाकू दिसायची.

पण या शनिवारी गिरिजाला हसू येत नव्हतं, कारण या सगळ्याला काडी तिनेच लावली होती.

शुभाआत्या दीड वर्षापूर्वी गेली. वर्षाच्या आतलं म्हणून मागच्या भाद्रपदात गौरी बसल्या नाहीत. आणि यंदाच्या जुलैत गिरिजाने आजोबांकडून कळलेली गोष्ट आईला फोनवर सहज सांगितली, की शेवटची तीन वर्षं आत्याचे हात इतके सुजायचे, तिला स्वतःची हुकं लावता यायची नाहीत. ती बेसमेंटमध्ये खुर्चीवर बसून सांगायची-दाखवायची आणि काका गौरींना नऊवारी नेसवायचे. सांगितलं ते कौतुकाने. फोनवर आईने "परत सांग" म्हटलं, तेव्हाच पोरीने ओळखायला हवं होतं. त्या तीन वर्षांचे फोटो आईने स्क्रॅपबुकात लावून खाली 'शुभाताईंची कला' असं लिहिलं होतं. आता त्याच फोटोंचा पुरावा झाला. पुरुषमाणसाने, तेही बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी नेसवलेल्या गौरींना आपण नमस्कार केले. डब्लिनहून फ्रीमाँटला फोन गेला, फ्रीमाँटहून पुण्याला.

आणि काका? काका गेले आठ दिवस ऑफिसातून आले की खाली बेसमेंटमध्ये जात होते. परवा गिरिजा कपडे धुवायला खाली गेली, तर पाइपांच्या दोन सांगाड्यांवर नऊवाऱ्या चढलेल्या, वर फक्त तोंडं नव्हती. "मागच्या वर्षी राहिलं," काका ओशाळून म्हणाले. "हात विसरतो. वर कुणाला बोलू नको." वर्षभरात त्या माणसाला कशाचा म्हणून उत्साह असलेला गिरिजाने पाहिला नव्हता. गौरी या घरातून गेल्या तर त्या बेसमेंटमध्ये उरणार होते दोन सांगाडे आणि एक वॉशिंग मशीन.

जेवायला काकांनी बिसी बेळे भात केला होता. मंडळींनी तो तीन तीन वेळा घेतला आणि तिन्ही वेळा जरा झणझणीत आहे असं सांगितलं. ताटातला शेवटचा पापड काकांनी कुणाला न विचारता उचलला. आश्लेषाकाकूने शोभनाकडे पाहिलं, शोभनाने आश्लेषाकाकूकडे. गिरिजाने मनातल्या मनात मटारांची नोंद केली.

जेवणानंतर सगळे फॅमिली रूममध्ये बसले. त्र्यंबकआजोबा रिक्लायनरमध्ये डोळे मिटून पडले होते. अतुलरावांनी ब्रीफकेसमधून कागद काढले. माणूस आयुष्यभर प्रोजेक्ट मॅनेजर. बारशालाही अजेंडा आणेल. प्रिंटआउट चार निघाले, दोघा भावांचे आणि दोघी जावांचे. ज्याच्या घरातून गौरी हलवायच्या, त्याला कागद द्यायचं कुणाला सुचलं नाही.

"तीन मुद्दे आहेत," अतुलराव म्हणाले. "परंपरा, लॉजिस्टिक्स आणि नेक्स्ट स्टेप्स. गुरुदत्तराव, आधीच सांगतो, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे."

"हं," काका म्हणाले.

"घरात सवाष्ण नाही," शोभना म्हणाली. आवाज तिने हळवा ठेवला होता. "गौरी उंबऱ्यातून आत आणायच्या कुणी? हळदीकुंकू कुणी लावायचं? शुभाताई होत्या तोवर प्रश्नच नव्हता. म्हणजे, नव्हता असं आम्ही धरून चाललो होतो. नंतर जे काय कळलं ते कळलं."

काकांनी चहाच्या कपात पाहिलं. गिरिजाकडे पाहिलं नाही. त्यामुळे तर तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी पुण्याला गुरुजींना विचारलं," राजेशकाका म्हणाला. "ते म्हणाले, जिथे श्रद्धा आहे तिथे बसवा. ते काही आपल्याला पटलं नाही यार. मग मी दुसऱ्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, मुलाचं घर."

"दुसरे गुरुजी अनुभवी आहेत," आश्लेषाकाकू म्हणाली.

अतुलरावांनी घसा साफ केला. या मुद्द्यावर वाद होणार म्हणून त्यांनी अजेंड्यात चाळीस मिनिटं राखून ठेवली होती.

"न्या," गुरुदत्तकाका म्हणाले.

"म्हणजे?"

"घेऊन जा. तुमच्याच आहेत."

चाळीस मिनिटांचा वाद चार सेकंदांत आटोपला आणि बिडकर मंडळी पार गोंधळून गेली. जोर लावून दार ढकलायला जावं आणि दार उघडंच असावं, तसे सगळे पुढे कोलमडले. राजाने सिंहासन आपणहून सोडलं तर पुढे काय करायचं, हे त्या सात धेंडांनाही सुचलं नसतं. विल्यमनेही एकदा वैतागून, घ्या तुमचं राज्य, मी चाललो हॉलंडला, असं भाषण लिहून काढलं होतं. लोकांनी त्याचे डच पहारेकरी परत पाठवले तेव्हाची गोष्ट. गिरिजाने ते तळटीपेत टाकलं होतं. तळटीप समोर बसून गार चहा पिते तेव्हा कसं वाटतं, ते तिला आज कळत होतं.

"व्हेरी गुड," अतुलराव म्हणाले. "तर लॉजिस्टिक्स. राजेश, दोन खोकी आणलीयत. एअरलाइनच्या मापाची आहेत. मी मोजून घेतली."

राजेशकाकाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "माझ्यासाठी? दादा, मिनीव्हॅन तू आणलीस ना? थोरला तू आहेस. मला वाटलं, तू ड्राइव्ह करून डब्लिनला नेणार."

"आमच्याकडे कसं शक्य आहे?" शोभना एकदम ताठ बसली. "मागच्याच महिन्यात हार्डवूड फ्लोअर घातलंय. त्यावर तेल, कुंकू, रांगोळी? आणि सप्टेंबरात ऑफिसात माझं सॉफ्टवेअरचं रिलीज असतं. एकटीने सोळा भाज्या कधी करायच्या?"

"आणि मला ऑफिसात क्वार्टर-एन्डचे हिशेब नसतात का वहिनी?" आश्लेषाकाकू म्हणाली. "आमचं टाउनहाउस तीन मजली. स्वयंपाक मधल्या मजल्यावर, देव वर. नैवेद्याची ताटं घेऊन जिने कुणी चढायचे? शिवाय माझ्या माहेरी खड्यांच्या गौरी. मुखवट्यांचं मला काही येत नाही."

"लग्नाला नऊ वर्षं झाली गं."

"तुमच्या लग्नाला अठ्ठावीस झाली."

बघता बघता पट फिरला. सकाळी नणंदेच्या नवऱ्याविरुद्ध एकदिलाने उभ्या असलेल्या जावा आता एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. राजेशकाका वहिनीच्या हार्डवूडची बाजू घेऊ लागला, कारण लाकडावर तेल सांडलेलं वाईटच, असं आधी त्याला वाटलं. मग हार्डवूड जपायचं तर गौरी आपल्याच घरी येतील हे लक्षात येऊन त्याने घाईने बाजू बदलली. परंपरा सगळ्यांना हवी होती. घरी मात्र कुणालाच नको होती. काका ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा मेला काही सांगत नव्हता.

तोडगा काढला आश्लेषाकाकूने. "पण दोन आहेत ना? मग एक तुम्ही न्या, एक आम्ही नेतो."

मग अतुलरावांचा चेहरा उजळत गेला. "ज्येष्ठा थोरल्याकडे, कनिष्ठा धाकट्याकडे. लॉजिकल आहे."

"आणि सोळा भाज्यांच्या आठ-आठ," शोभना म्हणाली.

"एक्झॅक्टली," आश्लेषाकाकू म्हणाली, आणि दोघी जावांची मनं दुपारपासून पहिल्यांदाच जुळली. अतुलरावांनी अजेंड्यावर 'नेक्स्ट स्टेप्स'समोर लगेच लिहूनही टाकलं. युरोपातल्या राजांनी बंद खोलीत बसून अख्ख्या स्पेनच्या साम्राज्याचे तुकडे पाडले होते, स्पेनला न विचारता. त्यांनाही त्या दिवशी असंच हलकं वाटलं असणार.

"मला कसं कापणार?"

आवाज रिक्लायनरमधून आला होता. आजोबांनी डोळे उघडलेले नव्हते.

"काय अण्णा?" अतुलराव म्हणाले.

"मी पण बापाच्या घरचाच माल आहे. कमरेपासून वरचा ओहायोला आणि खालचा कॅलिफोर्नियाला, असं का? डोकं कुणाकडे ते आधी सांगा. त्याला रोज दोन वेळा गोळ्या द्याव्या लागतात."

"अण्णा, हा चेष्टेचा विषय नाही."

"तुझी चर्चा ऐकून वाटलं, आहे," आजोबा म्हणाले.

या गडबडीत गुरुदत्तकाका उठून देवघरात गेले होते. परत आले ते शुभाआत्याच्या जुन्या सुती साडीत बांधलेलं गाठोडं घेऊन. कॉफीटेबलावर त्यांनी ते अलगद ठेवलं. राजेशकाकाने गाठ सोडली. दोन्ही मुखवटे समोरासमोर ठेवलेले होते, मधे कापसाचा थर, नाकाला नाक घासू नये म्हणून.

"यातली ज्येष्ठा कुठली?" राजेशकाकाने विचारलं.

अतुलराव वाकले. शोभना वाकली. आश्लेषाकाकूने चष्मा लावला. घराण्याची परंपरा वाचवायला अडीच हजार मैल आणि साडेतीनशे मैल तुडवून आलेल्या मंडळींपैकी एकालाही सांगता येईना.

"नथीचं भोक मोठं ती," गुरुदत्तकाका म्हणाले.

राजेशकाकाने मोठ्या भोकाची उचलली आणि बबलरॅप ओढलं. तेवढ्यात काकांचा हात पुढे आला. त्यांनी मुखवटा राजेशच्या हातातून काढून घेतला, परत कापसावर ठेवला आणि साडीची टोकं ओढून गाठ मारली.

"देत नाही," ते म्हणाले.

"अहो, आत्ता तर तुम्ही..."

"दोघी एका घरी गेल्या असत्या तर दिल्या असत्या. कुणाच्याही घरी. मी रात्रीच ठरवलं होतं, भांडायचं नाही." काका थांबले. इतकं लांब बोलायची त्यांना सवय नव्हती, श्वास पुरेना. "शुभा म्हणायची, दोघी बहिणी आहेत, वर्षातून तीन दिवस माहेरी भेटतात. एकीला ओहायोत उतरवणार, एकीला कॅलिफोर्नियात. मग भेटणार कुठे? असल्या माहेराला काय करायचंय?"

"पण सवाष्ण..." शोभना म्हणाली.

"नाही. सवाष्ण नाही. पुढच्या शनिवारी मी दार उघडं ठेवीन. यायचं असेल तर येतील. मला नावं ठेवत येतील. अकरा वर्षं तुम्ही सगळे तसेच येता, मी कधी दार लावलं?"

अतुलराव अजेंड्याच्या कागदाला उगाच घड्या घालत बसले. राजेशकाका बबलरॅपचा एक फुगा फोडणार होता, त्याने बोट आवरलं. खाली मान घालणं हा बिडकरांचा स्वभाव नाही, त्यामुळे त्यांना ते नीट जमतही नव्हतं.

शोभना मात्र हार मानणाऱ्यातली नव्हती. "आणि नेसवणार कोण? शुभाताई निदान शेजारी बसून सांगत तरी होत्या. आता नऊवारी, काष्टा, निऱ्या, हे सगळं कुणाला येतंय? की पाचवारी गुंडाळून उभ्या करणार?"

काका गप्प झाले. बोलायचे तेवढे शब्द बोलून झाले होते. गिरिजाला कळलं, की आता ते काही सांगणार नाहीत. आई या गप्प बसण्याचा अर्थ 'येत नाही' असा लावेल, आणि तिथेच सगळं संपेल.

"नेसवून झाल्यात," ती म्हणाली. काकांनी मान वर केली. "सॉरी काका, तुम्ही नको म्हणाला होतात. पण मागे मी सांगितलं त्याचं काय झालं ते बघतेय मी. आई, जुलैत मी तुला तक्रार सांगत नव्हते. कौतुक सांगत होते गं. मला इतकं भारी वाटलं होतं ते, की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. आणि तुला सांगितलं, ही माझी चूक. खाली आहेत दोघी. आठ दिवस रोज सोडतायत आणि रोज नेसवतायत. जाऊन बघ."

"बघतेच," आई म्हणाली, आणि उठली.

तिच्यामागे सगळेच निघाले. जिना अरुंद, त्यामुळे एकामागोमाग उतरावं लागलं. सगळ्यात शेवटी काका. खाली ट्यूबलाइट लागली. वॉशिंग मशीन, ड्रायर, आणि मधोमध स्वच्छ पुसलेल्या फरशीवर त्या दोघी उभ्या. एकीला हिरवी नऊवारी, एकीला डाळिंबी. खांद्यावरून पदर सुटसुटीत आलेला, काष्टा कसलेला, कुठे टाचणी दिसत नव्हती. तोंडं नसूनही त्या आता वळून काहीतरी बोलतील असं वाटत होतं. आश्लेषाकाकूच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं आणि मग तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

शोभनाने पर्स ड्रायरवर ठेवली आणि तपासणी सुरू केली. पदराची घडी बघितली. काष्टा मागून बघितला. कंबरेजवळ बोट घालून साडी ढिली आहे का ते पाहिलं. दोघींभोवती ती पूर्ण फेरी मारून आली. चूक सापडल्याशिवाय ती जिना चढणार नव्हती, हे तिच्या लेकीला चांगलंच ठाऊक होतं.

आणि सापडली. हिरवीसमोर ती खाली वाकली.

"निऱ्या डावीकडे झुकल्यात," ती म्हणाली. तिचा आवाज हलका झाला. "इथे. आणि हिच्यापण. सरळ पडायला पाहिजेत त्या." सरळ करायला तिने हात पुढे केला.

"तिला सरळ घालता यायच्या नाहीत," पायरीवरून गुरुदत्तकाका म्हणाले. "उजवा हात आधी गेला ना. डाव्या हाताने दाखवायची. तिने जशा दाखवल्या, तशाच शिकलो."

शोभनाची बोटं निऱ्यांजवळ पोचली होती. ती तिथेच थांबली. लग्न होऊन आली तेव्हा पहिली नऊवारी तिला शुभाताईंनीच नेसवली होती, दोन्ही हातांनी, चटचट, तोंडात टाचण्या धरून. मग तिने निऱ्यांना न लावता हात मागे घेतला आणि पदराने डोळे पुसले. पदर नव्हता, कॉटनचा कुर्ता होता, त्याच्या बाहीने पुसले.

"राहू देत," ती म्हणाली. "तशाच राहू देत."